घामाचे तास

तागडे मॅडम कोणाच्याही घरी गेल्या की आधी भिंतीला हात लावायच्या. तळहात नव्हे, हाताची मागची बाजू. आई तापलेल्या पोराच्या कपाळाला लावते तशी. चहापाणी, विचारपूस, काम, सगळं त्यानंतर. यवतमाळात मी स्वतःचं घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला त्यांना आग्रहानं बोलावलं होतं. बाकीचे पाहुणे फरशी बघत होते, ओट्याचा ग्रॅनाइट बघत होते, आणि या बाई पश्चिमेकडच्या खोलीत एकट्याच भिंतीचा ताप बघत उभ्या. मी आर्किटेक्ट माणूस, दोन शब्द कौतुकाचे ऐकायला मिळतील म्हणून मागे जाऊन उभा राहिलो.

“नकाशा कोनं काढला?”

“मीच काढला, मॅडम.”

“कायले?”

एवढं बोलून त्या जेवायला गेल्या. त्या खोलीत उन्हाळ्यात आजवर कोणी झोपलेलं नाही. तिथे आम्ही गहू आणि जुन्या बॅगा ठेवतो.

त्यांना हट्टी म्हणणारे, तोंडाळ म्हणणारे मला पुष्कळ भेटले. कधी कधी मीही त्यांच्यात होतो. पण आता मॅडम नाहीत, आणि मला त्यांची बाजू घ्यायची आहे, तीही काही हातचं न राखता. ज्यांना दोन्ही बाजूंचा विचार करून लिहिलेलं, तोलूनमापून काही वाचायचं असेल त्यांनी खुशाल दुसरीकडे बघावं.

सुमित्रा तागडे. एका तंत्रनिकेतनात त्यांनी वर्षानुवर्षं मेकॅनिकलच्या पोरांना उष्णता शिकवली. पोरं पाठीमागे त्यांना ‘तागडी’ म्हणत, कारण त्या अर्धा मार्कही इकडचा तिकडे होऊ देत नसत. हे त्यांना माहीत होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. ठेंगण्या, सावळ्या, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि बोलताना डोळे समोरच्यावर असे रोखलेले की गृहपाठ न केल्यासारखं वाटावं. नोकरीतून लवकर निवृत्ती घेऊन त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर मांडला आणि आमच्या जिल्ह्यात ज्याचं नावही कोणाला ठाऊक नव्हतं असं काम सुरू केलं. लोक विचारत, “मॅडम, आता काय करता?” त्या म्हणत, “न बांधलेल्या घराचं लाइट बिल काढते.”

खरोखर तेच काम होतं. हरित इमारतीचं प्रमाणपत्र हवं असलं की ती इमारत आधी कॉम्प्युटरमध्ये उभी करावी लागते. भिंती किती जाड, छप्पर कसलं, खिडक्या कुठल्या दिशेला, आत माणसं किती, पंखे कधी फिरणार, सगळं भरायचं. मग सॉफ्टवेअर वर्षभरातला एकेक तास घेऊन हिशोब करतं: वीज किती जळेल, खोली किती तापेल. सोबत एक दुसरी इमारतही काढावी लागते, त्याच आकाराची, पण साधारण कोणीही बांधतो तशी. आपली इमारत तिच्यापेक्षा कमी वीज खाते हे दाखवायचं. त्या काल्पनिक इमारतीला मॅडमनी ‘शेजारी’ असं नाव दिलं होतं. ज्या खोल्यांत एसी नाही त्यांच्यासाठी आणखी एक अट असते. वर्षातले किती तास ती खोली माणसाला सोसणार नाही इतकी गरम राहील, ते मोजायचं आणि ठरलेल्या मर्यादेच्या आत ठेवायचं. नियमांच्या पुस्तकात त्या तासांना लांबलचक इंग्रजी नाव आहे. मॅडम त्यांना ‘घामाचे तास’ म्हणत.

आणि सॉफ्टवेअरला ‘येडं’ म्हणत, अगदी मायेनं.

“ते येडं हाये रे विलास. तू जे सांगशीन ते खरं मानते. भिंत चार फुटाची हाय म्हन, ते हो म्हनते. म्हनून त्याच्याशी खोटं बोलाचं नाही. शायन्याशी एक वेळ बोल, तो पकडते तुले.”

त्यांच्या रागालाही स्वतःचं व्याकरण होतं. चारचौघांत त्या पुस्तकी बोलत: मी करते, मी सांगते. चिडल्या की, किंवा जवळचं माणूस समोर असलं की, लहानपणच्या वस्तीतली बोली वर यायची, आणि त्या बोलीत बायकाही स्वतःविषयी बोलताना ‘मी करतो, मी सांगतो’ म्हणतात. त्यामुळे चारचौघांत मॅडम ‘मी सांगते’वर आहेत तोवर चर्चेला जागा आहे आणि ‘मी सांगतो’वर आल्या की आपण फायली आवरायच्या, एवढं मी अनुभवानं शिकलो होतो.

माझ्या पुतणीच्या लग्नात हे व्याकरण सगळ्या वऱ्हाडानं ऐकलं. लग्न मे महिन्यातलं. मंगल कार्यालयात कपाटाएवढे कुलर लावलेले, आणि गार हवा वाया जाऊ नये म्हणून वरपक्षाच्या मंडळींनी मागचे सगळे दरवाजे कड्या घालून बंद केलेले. ही चूक आमच्याकडे घरोघर होते. एकदा एसीची हवा खाल्लेला माणूस कुलरलाही एसीच समजायला लागतो. कुलर ओली हवा आत ढकलतो, आणि तिला बाहेर जायला वाट नसली की थोड्या वेळात अख्खी खोली चिकट होते. मंगलाष्टकं सुरू होईतो पाहुणे निथळायला लागले, नवरीचं कुंकू नाकावर आलं. मॅडम अक्षता मुठीत घेऊन उठल्या आणि मागच्या दरवाजाची कडी काढायला लागल्या. नवरदेवाचे मामा धावत आले.

“ओ बाई, थंडी हवा जाईन ना बाहेर.”

“जाईन तवाच नवी येईन. तुमी श्वास घेता तं सोडता की नाही?”

“आमी आणखी एक कुलर बोलावला हाय.”

“दहा बोलवा. मी दरवाजा उघडतो.”

‘उघडतो’ ऐकल्याबरोबर मी मामांना बाजूला नेलं. दरवाजे उघडले, हवा खेळायला लागली, लग्न पार पडलं. जाताना हेच मामा मॅडमना घरचा कुलर कोणत्या खिडकीत बसवू असं विचारत होते, आणि मॅडम त्यांना पानाच्या पाकिटावर घराचा नकाशा काढायला लावत होत्या.

पण मॅडम म्हटलं की मला आठवतं ते दारव्हा.

तिथल्या एका शिक्षण संस्थेनं मुलींचं वसतिगृह बांधायला काढलं. तालुक्याच्या खेड्यांतून, काही तर पार फुलसावंगीकडूनही मुली शिकायला येत आणि भाड्याच्या एका जुन्या इमारतीत दाटीवाटीनं राहत. नव्या इमारतीचा नकाशा माझ्याकडे आला. संस्थेचे अध्यक्ष बाबारावजी. माणूस वाईट नव्हता; आवाज मोठा, कपडे कडक इस्त्रीचे, आणि पोरी शिकल्या पाहिजेत हे मनापासून मानणारा. फक्त जिल्ह्यात दुसऱ्या कोणाकडे नाही अशी एखादी वस्तू आपल्याकडे असावी, हा त्यांचा जुना आजार. या खेपेला ती वस्तू होती हरित इमारतीचं सुवर्ण प्रमाणपत्र. त्यासाठी पुण्याहून कौस्तुभ नावाचा एक तरुण सल्लागार त्यांनी नेमला होता. मॉडेल करायला मी मॅडमचं नाव सुचवलं.

मॅडमनी पहिलं मॉडेल बिनएसीचं केलं. ऊन अडवणारे छज्जे, पांढरं छप्पर, मध्ये पोकळी ठेवलेल्या दुहेरी भिंती, पंखे, आणि रात्रभर उघड्या खिडक्या. आमच्याकडे दिवस कितीही भाजो, पहाटेपर्यंत हवा उतरते. ती रात्रभर खोलीतून खेळली की भिंती निवतात आणि दुसरा दिवस निभावून जातो. घामाचे तास मर्यादेच्या आत बसले. अडचण एवढीच की सुवर्ण मिळत नव्हतं. आपली इमारत बिनएसीची म्हटली की शेजारीही बिनएसीचा धरतात. तोही बिचारा पंख्यावरच. त्याच्यापेक्षा वाचवून वाचवणार किती? प्रमाणपत्र मिळत होतं, पण सगळ्यात खालच्या पायरीचं.

मीटिंगमध्ये कौस्तुभनं मार्ग सांगितला. मुलगा हुशार, बोलणं नम्र. “आपण सगळ्या खोल्यांना एसी देऊ. मग तुलनेच्या इमारतीलाही एसी धरावा लागतो, साधा, जास्त वीज खाणारा. आपला चांगल्या प्रतीचा. फरक मोठा दिसतो आणि सुवर्ण सहज मिळतं. खिडक्या मात्र पक्क्या काचेच्या करू, न उघडणाऱ्या, म्हणजे हवा गळणार नाही.”

“एवढे एसी चालवाचे कसे?” बाबारावजींनी विचारलं. मग त्यांना स्वतःलाच सुचलं आणि चेहरा उजळला. “लावू ना. चालवाले कोनं सांगितलं? रिमोट ऑफिसात ठेवू, माह्या टेबलात. तपासणीवाले आले, पाव्हणे आले, की देऊ.”

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत.

“म्हणजे खिडकी उघडणार नाही आणि एसी लागणार नाही,” त्या सावकाश म्हणाल्या. “त्या पेटीत मुली मे महिन्याचा अभ्यास करतील.”

“पण मॅडम, मॉडेलमध्ये घामाचे तास शून्य येतील,” कौस्तुभ म्हणाला. शब्द त्यानं त्यांच्याकडूनच उचलला होता.

“येतीन ना. त्या येड्याले माहीत नाही रिमोट कोनापाशी हाय ते. मले माहीत हाय. असलं मॉडेल मी करत नसतो.”

मी फायली आवरल्या. बाबारावजी जिन्यापर्यंत मागे आले. चौकात बॅनर लागून गेला होता: ‘जिल्ह्यातील पहिली सुवर्ण हरित इमारत’, आणि त्यावर त्यांचा हात जोडलेला फोटो. आता लोकांना तोंड कसं दाखवू, असं ते विचारत होते. मॅडम म्हणाल्या की फोटो चांगला आला आहे.

परतीच्या जीपमध्ये आम्ही मागच्या बाकावर दाटून बसलो होतो. मॅडम एकाएकी बोलायला लागल्या.

“आमचं घर टिनाचं होतं. दुपारी आतमधी बसलं की वरचं टिन कडकड वाजे. अभ्यास सगळा लिंबाखाली केला मी. पन रात्र आपली होती. अंगणात बाजा टाकाव, माय मधात, आमी बहिणी दोन बाजूनं. पहाटे पांघरूण घ्याव लागे. टिनाखाली जन्मलेल्याले उष्णता शिकवा लागत नाही, विलास. मानसाले रात्र भेटली पाह्यजे. रात्र भेटली की दिवस काढता येते.”

त्यांच्या मॉडेलात खिडक्या रात्रभर उघड्या का होत्या, ते मला तेव्हा कळलं. त्यात काही चुकतंय असं मात्र दोघांनाही वाटलं नाही.

ती चूक कळली जुन्या वसतिगृहात. बिनएसीचं मॉडेल पक्कं करायचं राहिलं होतं; मुली पंखे किती वेळ लावतात, दिवे कधी मालवतात, ते त्यात भरण्यासाठी मॅडम स्वतः मुलींना विचारायला गेल्या. पुस्तकातले ठरीव आकडे टाकले असते तरी चाललं असतं. पण त्यांना ते चालत नसे. एका खोलीत पलंगावर बसून त्यांनी चौकशी सुरू केली. उत्तरं देत होती पायल, फुलसावंगीकडची, अकरावीला असलेली एक धीट मुलगी. पंखा झाला, दिवा झाला, आणि मॅडमनी सहज विचारलं, “अन् रात्री खिडकी? पहाटेलोक उघडी ठेवता की मधात लावता?”

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या.

“रात्री?” पायल म्हणाली. “खिडकी तं सातलेच बंद होते, मॅडम. रेक्टर मॅडम स्वतः लावतात.”

“काहून?”

“मागच्या गल्लीत पोरं उभे राह्यतात. शिट्ट्या मारतात. कोनी मोबाइलचा टॉर्च मारते आतमधी.”

“मग गरम होत नाही?”

“होते ना. ओला दुपट्टा अंगावर घेऊन झोपतो आमी. वाळला की उठून पुन्हा ओला करतो.”

मॅडम पलंगावरून उठल्या. बाहेर आलो, उन्हातच उभ्या राहिल्या. “मी येड्याशी खोटं बोललो,” त्या म्हणाल्या. मी समजूत घालायला गेलो. नियमात रात्री खिडक्या उघड्या धरायची परवानगी होती, तपासणारे दूर दिल्लीत बसलेले, त्यांना दारव्ह्याची मागची गल्ली कोण दाखवणार. त्यांनी मला वाक्यही पुरं करू दिलं नाही.

“मायच्या बाजूले झोपलेल्या पोरीचं मॉडेल केलं मी. या पोरींच्या बाजूले माय नाही.”

पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी कोणी न विचारता सांगून टाकलं. खिडक्या संध्याकाळी बंद धरल्या, घामाचे तास मर्यादेच्या बाहेर गेले, आता ही इमारत खालच्या पायरीलाही बसत नाही. कौस्तुभ हळूच म्हणाला, “मॅडम, हे कोणी विचारलं नसतं.” त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, त्याला खरंच वाईट वाटलं होतं. बाबारावजींना मात्र हर्ष लपवता येईना. आता एसीशिवाय इलाजच नाही, देवानंच मार्ग दाखवला, असं ते म्हणाले.

मॅडम रेक्टरबाईंकडे वळल्या. गावंडे मॅडम कोपऱ्यात बसायच्या, मीटिंगमध्ये त्यांना कोणी काही विचारत नसे. “नव्या इमारतीत तरी रात्री खिडक्या उघड्या ठेवाल का?”

“नाही ठेवणार,” गावंडे मॅडम म्हणाल्या. “एका मुलीचा फोटो कोणी बाहेरून काढला ना, तर दहा मुलींचे बाप जीप घेऊन येतात आणि त्यांना घरी नेतात. पुन्हा त्या शाळेत दिसत नाहीत. मी पाहिलं आहे. तुम्हाला मी कडक वाटत असेन, पण त्या शिकाव्यात म्हणूनच मी खिडकी लावते.”

आता जुंपणार, असं मला वाटलं. पण मॅडम म्हणाल्या, “तुमचं बरोबर आहे.” समोरच्याला त्यांनी असं म्हटलेलं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं. मग बाबारावजींकडे बघून म्हणाल्या, “मला थोडे दिवस द्या. मुलींना रात्र मिळेल आणि रेक्टरबाईंची खिडकीही बंद राहील, असं काहीतरी काढते. एसी लावणार नाही.”

“अन् नाही जमलं तं?”

“तर पाटी लावू नका.”

ते दिवस मी त्यांच्या पुढच्या खोलीतच काढले. मी नकाशात बदल करायचा, त्या मॉडेलमध्ये भरायच्या, येडं विचार करत बसायचं, आणि घामाचे तास पुन्हा बाहेरच. छज्जे वाढवले, थोडे उतरले. छपरावर मातीच्या कुंड्या पालथ्या मांडून वर चुना दिला, आणखी थोडे उतरले. मर्यादा काही गाठता येईना. शेवटी एके दुपारी त्या म्हणाल्या, “तुमच्या धंद्यानं रोशनदान कवा बंद केलं रे?”

रोशनदान म्हणजे छताजवळची छोटी आडवी खिडकी. जुन्या शाळांत, कचेऱ्यांत असायची, खालून दोरी ओढून उघडणारी. आम्ही ती का बंद केली, ते मलाही सांगता येईना. धूळ बसते, चिमण्या घरटी करतात, जुनाट दिसते, अशी काहीतरी कारणं होती. मॅडमनी प्रत्येक खोलीला दोन मागितली: एक बाहेरच्या भिंतीत, एक समोर व्हरांड्याच्या भिंतीत, दोन्ही डोक्याच्या खूप वर, बाहेरून जाळी. गरम हवा वरच जमते, ती वरच्या वर निघून जाईल. खालची खिडकी बंद असली तरी चालेल.

“मॅडम, पुढून सगळी इमारत जुन्या तहसिलीसारखी दिसेल.”

“दिसू दे. तू आधी तुह्या पश्चिमेच्या खोलीत झोपून दाखव, मग मले शिकव.” आणि वर म्हणाल्या, “दोरी खोलीच्या आतमधी पाह्यजे. ज्या पोरीले गरम होते तिच्या हाताशी. रेक्टरपाशी नाही अन् अध्यक्षाच्या टेबलात तं बिलकुल नाही.”

तेवढ्यानंही थोडं कमी पडत होतं. मग जिन्याचा माथा उंच करून त्याला चारी बाजूंनी झरोके दिले, म्हणजे व्हरांड्यात आलेली गरम हवा जिन्यातून वर खेचली जाईल. मॉडेल पुन्हा चालवलं. बराच वेळ पडद्याकडे बघून मॅडम म्हणाल्या, “बसलं.” जेमतेम बसलं होतं. त्या चहा ठेवायला आत गेल्या, आणि मी तो आकडा पुन्हा पुन्हा बघत बसलो. मला इतका आनंद स्वतःच्या घराच्या वेळीही झाला नव्हता.

गावंडे मॅडमनी नकाशा उलटसुलट करून पाहिला. “या वरच्यातून कोणी डोकावणार नाही ना?”

“उन्हाळ्यात गुजरातकडचे मेंढपाळ उंट घेऊन येतात ना आपल्याकडे,” मॅडम म्हणाल्या. “त्यातला एखादा उंटाच्या पाठीवर उभा राहिला तर मात्र सांगता येत नाही.”

गावंडे मॅडम हसल्या आणि रोशनदानं रात्री उघडी राहतील अशी हमी त्यांनी स्वतःहून दिली. बाबारावजींनी मात्र एक शेवटचा डाव टाकला. मॉडेल कौस्तुभकडून करून घेऊ, तुम्हाला कशाला त्रास, असं ते गोड आवाजात म्हणाले. मॅडम म्हणाल्या, “घ्या ना करून. नकाशावर सही विलासची लागते.” सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. आडवी हलवली की उभी, हे बाबारावजींना कळायला थोडा वेळ लागला.

इमारत उभी राहिली, प्रमाणपत्र आलं, खालच्या पायरीचं. बॅनरवरच्या ‘सुवर्ण’ शब्दावर कोणीतरी पांढरा कागद चिकटवला. उद्घाटनाला मॅडमना स्टेजवर बोलावलं नाही; आभार मानताना ‘इतर सहकारी’ असा एक उल्लेख झाला, त्यात त्या आल्या असाव्यात. मला राग आला आणि मी तो बोलून दाखवला. त्या बुंदी खात होत्या. “मले कायले स्टेज? मी खोल्या पाहून आलो. भिंत थंडी हाय,” त्या म्हणाल्या आणि आणखी बुंदी मागून घेतली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या उन्हाळ्यात. प्रवेश परीक्षांचे वर्ग चालू होते, त्यामुळे मे महिन्यातही वसतिगृह बऱ्यापैकी भरलेलं होतं. खोल्यांतलं तापमान खरंच मॉडेलप्रमाणे राहतं का ते मॅडमना स्वतः मोजायचं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांची तब्येत तेव्हाच उतरली होती, पावसाळ्यात तर त्या गेल्याच. पण त्या दिवशी हट्टानं जीपमध्ये बसल्या. दुपारभर खोल्या पाहिल्या. संध्याकाळी गावंडे मॅडम तक्रार घेऊन आल्या.

“रोशनदान ठीक आहे, मॅडम. पण या मुली आता खालच्या खिडक्याही उघडतात. मी लावून जाते, या उघडतात. इथल्याही मागच्या गल्लीत ती पोरं येतातच. परवा यांनी वरच्या मजल्यावरून खरकट्या पाण्याची बादली ओतली त्यांच्यावर. तुमचं ऐकतात त्या. तुम्हीच समजावून सांगा.”

मुलींना जेवणाच्या हॉलमध्ये गोळा केलं. मॅडम भिंतीचा आधार घेऊन उभ्या राहिल्या. “रात्री खालच्या खिडक्या कोन उघडते?”

पायल उभी राहिली. आता ती बारावी होऊन पुढच्या परीक्षेची तयारी करत होती.

“सगळ्याच उघडतो, मॅडम.”

“भेव नाही वाटत?”

“पहिले वाटे. आता आमी दिसलो की तेच पळतात.”

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या, आणि मग गावंडे मॅडमकडे वळून म्हणाल्या, “माझं मॉडेल चुकलं, मॅडम. त्यात मी मुली भितात असं धरलं होतं.”

त्या संध्याकाळी सात वाजून गेले तरी खिडक्या लावायला गावंडे मॅडम उठल्या नाहीत, हे मी पाहिलं.

निघताना मॅडम म्हणाल्या, पुढच्या फाटकानं नको, मागच्या गल्लीनं जाऊ. दिवेलागण झाली होती. गल्ली रिकामी होती, आणि वरच्या मजल्यावर एका रांगेत सगळ्या खिडक्या उघड्या. कुठे कोणी मोठ्यानं पाठांतर करत होती, कुठे नुसतं हसणं चाललं होतं. मॅडम गल्लीच्या मधोमध थांबून वर बघायला लागल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. वरून अंधारात माणूस ओळखू येत नसणार. एका खिडकीतून एक डोकं बाहेर आलं आणि खणखणीत आवाज आला, “काय पाहून राह्यला बे तठी? सरक चाल.”

मी ओरडून सांगणार होतो की अगं, या आपल्या मॅडम आहेत. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि मानेनंच नको म्हटलं. आणि ज्या बाईला अध्यक्ष, सल्लागार, नवरदेवाचे मामा, कोणी कोणी जागचं हलवू शकलं नव्हतं, ती एका पोरीनं दटावल्यावर मुकाट्यानं बाजूला सरकली.